रिपोर्ट वाचण्याआधी माणूस बघा

घरात कुणी सत्तरी ओलांडली की मुलांच्या फोनवर 'फुल बॉडी चेकअप'च्या जाहिराती यायला लागतात. सत्तर-ऐंशी तपासण्या, घरी येऊन रक्त नेणार, दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रिपोर्ट. मुलगा बंगळुरूला नाहीतर न्यू जर्सीला, आई-बाबा साताऱ्याला नाहीतर डोंबिवलीला. काळजी खरी असते, पैसे हाताशी असतात, बुकिंग होऊन जातं. मग पंधरा पानांचा रिपोर्ट येतो. त्यातले चार-पाच आकडे ठळक अक्षरांत असतात आणि फॅमिली ग्रुपवर धावपळ सुरू होते. बाबा मात्र सोफ्यावरून उठताना दोन्ही हातांनी रेटा देतायत, गेल्या दिवाळीतला झब्बा आता त्यांना ढगळ होतोय, याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

या लेखात सांगायचं ते थोडक्यात असं : म्हातारपणी माणूस आपल्या पायावर उभा राहील की दुसऱ्यावर अवलंबून होईल, याच्या काही खुणा रक्तात दिसतात. पण त्या वाचायच्या कधी आणि कशासाठी, हे आधी माणसाकडे बघून ठरवायचं असतं. क्रम उलटा झाला की पैसे जातात, धास्ती वाढते आणि करायचं ते राहून जातं.

थकणं म्हणजे नुसतं वय नव्हे

वृद्धांच्या या थकलेपणाला डॉक्टर 'फ्रेल्टी' म्हणतात. २००१ साली अमेरिकेतल्या डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ओळखण्यासाठी पाच लक्षणं सांगितली : प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलोहून अधिक वजन उतरणं, सतत दमल्यासारखं वाटणं, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं. यांतली तीन किंवा जास्त असली तर माणूस फ्रेल धरायचा. एक-दोन असली तर त्या वाटेवर आहे असं समजायचं.

फ्रेल माणसाला मोठा आजार असेलच असं नाही. त्याच्या शरीरातली शिल्लक संपत आलेली असते, एवढंच. तरुण माणूस व्हायरल तापातून आठवड्यात उठतो. थकलेला माणूस त्याच तापाने दहा दिवस अंथरुणाला खिळतो आणि उठतो तेव्हा जिना चढण्याची ताकद गेलेली असते. एकदा संडासात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, की पुढचं सगळं बदलतं. मात्र ही वाट एकेरी नाही. पहिल्या-दुसऱ्या लक्षणाशी असलेली पुष्कळ माणसं परत फिरू शकतात, म्हणून वेळेवर ओळखायचं.

रक्त काय सांगतं

संशोधक या प्रश्नामागे पंचवीस-तीस वर्षं आहेत. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात ७१ वर्षांवरच्या, तोवर चांगल्या चालत्या-फिरत्या लोकांच्या रक्तातलं इंटरल्यूकिन-६ हे दाह वाढवणारं रसायन मोजून चार वर्षं त्यांचा मागोवा घेतला गेला. १९९९ साली लुइजी फेरुची आणि सहकाऱ्यांनी निष्कर्ष मांडला : हे रसायन ज्यांच्यात सर्वांत जास्त होतं, त्यांना पुढे चालण्या-फिरण्यात परावलंबित्व येण्याचा धोका कमी असलेल्यांच्या सुमारे पावणेदोन पट निघाला. फेरुचींनीच इटलीत फ्लोरेन्सजवळच्या कियांती भागात वृद्धांचा मोठा अभ्यास उभा केला. २००० साली क्लाउडिओ फ्रान्चेस्की या इटालियन शास्त्रज्ञाने वयाबरोबर शरीरात धुमसत राहणाऱ्या या मंद दाहाला 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं.

हा दाह जखमेसारखा दिसत नाही, दुखत नाही. पोटावरची चरबी, किडलेले दात आणि सुजलेल्या हिरड्या, जुना मधुमेह, मरायच्या वेळी न मेलेल्या म्हाताऱ्या पेशी, अशा अनेक ठिकाणांहून तो पोसला जातो. इंटरल्यूकिन-६ वाढलं की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवतं. स्नायूंची झीज वाढते, भूक मंदावते, रक्तातलं लोह वापरात येत नाही आणि हिमोग्लोबिन उतरतं. पाच लक्षणांमागचं कोडं इथे थोडं उलगडतं. याशिवाय अल्ब्युमिन, ड जीवनसत्त्व, सिस्टॅटिन-सी, जीडीएफ-१५ या रक्तातल्या घटकांचाही फ्रेल्टीशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे.

मग या तपासण्या सरसकट का करू नयेत? कारण हजार माणसांच्या सरासरीत दिसणारा फरक तुमच्या एकट्या आईबद्दल फार थोडं सांगतो. सीआरपी दाताच्या दुखण्याने वाढतं, सर्दीने वाढतं, गुडघ्याच्या सुजेने वाढतं. जीडीएफ-१५ तर मधुमेहासाठी रोज घेतल्या जाणाऱ्या मेटफॉर्मिनमुळेही चढतं. शिवाय थर्मामीटर झटकला म्हणून ताप उतरत नाही, तसं मार्कर, म्हणजे रक्तातली अशी खूण, खाली आणला म्हणून माणूस चालायला लागेल याची हमी नाही. तसा प्रयत्न झालेला आहे. अमेरिकेत चाल मंदावलेल्या आणि इंटरल्यूकिन-६ वाढलेल्या वृद्धांना लोसार्टन ही रक्तदाबाची गोळी आणि माशाचं तेल देऊन पाहिलं. २०१९ साली निकाल आला : इंटरल्यूकिनही कमी झालं नाही, चालही सुधारली नाही. म्हणून आज कुणी इंटरल्यूकिन-६ मोजून दिलं, तर त्या आकड्यावरून तुमचे डॉक्टर वेगळं काही करतील अशी शक्यता फार कमी. ज्या आकड्याने पुढचं पाऊल बदलत नाही, त्यासाठी सुई टोचून घेऊ नका.

ठळक अक्षरांचंही एक साधं गणित आहे. प्रयोगशाळेचा 'नॉर्मल' पट्टा बहुधा असा आखलेला असतो की धडधाकट माणसांपैकी ९५ टक्के त्यात बसावेत. म्हणजे पाच टक्के निरोगी माणसं पट्ट्याबाहेर जाणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तरी निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. मग ऐंशी तपासण्यांत काही ठळक नाही निघालं तरच नवल.

ज्या तपासण्या खरंच कामाला येतात

उपयोगी तपासण्या बहुतेक साध्या, जुन्या आणि स्वस्त आहेत. त्या वाचताना मात्र म्हातारपण ध्यानात धरावं लागतं.

हिमोग्लोबिन. पुरुषांत १३च्या खाली आणि स्त्रियांत १२च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. 'वय झालं, एवढं कमी असायचंच' हे ऐकून घेऊ नका. वृद्धांमध्ये लोह कमी निघालं तर पोटात किंवा आतड्यात कुठे रक्त झिरपतंय का, हे बघावं लागतं. गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षं दुखण्याच्या गोळ्या खाणाऱ्यांत तर नक्कीच. आधी टॉनिकची बाटली आणि मग तपासणी असं केलं, तर मूळ दुखणं झाकलं जातं.

बी-१२. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत बी-१२ कमी आढळलं होतं. शाकाहार हे त्यामागचं मोठं कारण. त्यात मेटफॉर्मिन आणि अॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर ते आणखी घटतं. पायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, विसराळूपणा यांतलं काही असेल तर ही तपासणी जरूर करा. कमतरता वेळेत सापडली तर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. फार उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी. इथे सगळ्यात जास्त फसगत होते. समजा आजींचं वय ७८, वजन ४० किलो आणि क्रिएटिनिन ०.९. रिपोर्टमध्ये आकडा साध्या अक्षरांत, सगळे निश्चिंत. पण क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं. आजींच्या अंगावर स्नायूच उरले नसतील, तर ते कमीच दिसणार. वय आणि वजन धरून मांडलेलं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र लावलं, तर त्यांच्या मूत्रपिंडाची क्षमता मिनिटाला जेमतेम ३३ मिलिलिटर येते. तरुणपणी ती शंभराच्या आसपास असते. एवढ्या क्षमतेवर काही औषधांचा डोस कमी करावा लागतो आणि दुखण्याच्या गोळ्या शक्यतो बंद ठेवाव्या लागतात. अशा वेळी डॉक्टरांना विचारून सिस्टॅटिन-सी करण्यात अर्थ आहे, कारण ते स्नायूंवर तितकं अवलंबून नसतं.

सोडियम. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेली आजी अचानक सुस्त झाली, बरळायला लागली, चालताना झोकांड्या जायला लागल्या, तर सोडियम त्याच दिवशी बघायला हवं. त्यावर घरच्या घरी मीठ वाढवू नका, गोळीही आपल्या मनाने थांबवू नका.

तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी. थकलेल्या, अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी ती आठच्या आत असली तरी चालते. इन्सुलिनवर किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर असलेल्या ८२ वर्षांच्या आजोबांची ६.२ आली म्हणून पेढे वाटू नका. साखर अधूनमधून फार खाली जाते का, पहाटे घाम सुटतो का, ते पडतात का, हे विचारा आणि औषध कमी करता येईल का, यावर डॉक्टरांशी बोला.

ड जीवनसत्त्व. कमी असेल तर भरून काढावं, पण जास्त म्हणजे चांगलं असं इथे अजिबात नाही. ऑस्ट्रेलियात ७० वर्षांवरच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटचा डोस दिला गेला. २०१० साली निकाल जाहीर झाला तेव्हा औषध घेतलेल्या स्त्रिया न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळा पडल्या होत्या आणि त्यांची हाडंही जास्त मोडली होती. ६० हजारांची पुडी जितके आठवडे सांगितली तितकेच आठवडे घ्या. संपली की मेडिकलमधून आपली आपण आणत राहू नका.

अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन. ते कमी आलं की प्रोटीन पावडरचा डबा घरात येतो. पण अल्ब्युमिन यकृताच्या आजाराने, लघवीवाटे गळतीने आणि दीर्घ दाहानेही उतरतं. आधी लघवीची तपासणी करून घ्या.

ईएसआर आणि सीआरपी, म्हणजे दाहाच्या तपासण्या. ईएसआर वयाबरोबर वाढतो. पुरुषांत वयाच्या निम्म्यापर्यंत तो चालतो, असा डॉक्टरांचा जुना ठोकताळा आहे. ७६ वर्षांच्या आजोबांचा ३५ आला, तर केवळ तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. सीआरपी वाढलेलं असेल तर ताप, दात, लघवीचा संसर्ग बघा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा. बरं वाटत असूनही ते चढलेलंच राहिलं, तर डॉक्टरांना शोध घेऊ द्या.

एक खुर्ची, एक घड्याळ, एक टेप

आता रक्ताविना होणारी तपासणी. वृद्धांच्या स्नायूंचा अभ्यास करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ साली आपल्याकडच्या शरीरयष्टीला जुळतील असे आकडे ठरवून दिले. यंत्र लागत नाही.

बिनहाताची, साधारण गुडघ्याइतक्या उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. आईला बसवा आणि हात छातीवर फुलीसारखे ठेवायला सांगा. शेजारी तुम्ही उभे राहा. घड्याळ लावा आणि पाच वेळा पूर्ण उभं राहून बसायला सांगा. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर मांड्यांची ताकद कमी झाली आहे. बघताना सेकंदांबरोबर उठण्याची रीतही बघा : पहिल्या झटक्यात उठता येत नाही म्हणून त्या पुढे झुकून झोका घेतात का, तिसऱ्या वेळी हात आपोआप मांडीवर येतो का, बसताना धप्पकन अंग टाकतात का.

मग व्हरांड्यात सहा मीटरचं अंतर आखा. नेहमीच्या चालीने सहा सेकंदांहून जास्त लागले, तर चाल मंद आहे. शेवटी शिंप्याची टेप घेऊन पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजा. पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर यातलं काही करू नका.

आपल्याकडेही मोठ्या प्रमाणावर रक्त आणि ताकद-चाल हे दोन्ही एकत्र बघितलं गेलं आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये 'लासी' या पाहणीत ४५ वर्षांवरचे आणि त्यांचे जोडीदार धरून ७२ हजारांहून अधिक भारतीयांना गाठलं. त्यांत हाताची पकड आणि चालही मोजली आणि बोटातून रक्ताचे थेंबही घेतले. म्हणजे जाणकारही एकट्या रक्तावर विसंबत नाहीत.

मग करायचं काय

मार्कर कुठलाही असो, उपाय बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येतो : पायांत ताकद आणि ताटात प्रथिनं.

१९९४ साली बॉस्टनमधल्या एका वृद्धनिवासात सरासरी ८७ वर्षांच्या शंभर रहिवाशांवर प्रयोग झाला. दहा आठवडे वजनांचा व्यायाम केलेल्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून अधिक वाढली, चाल सुधारली, जिना चढणं सोपं झालं. नुसतं पौष्टिक पेय दिलेल्यांत तसा फरक पडला नाही. २०१४ साली 'लाइफ' या मोठ्या अभ्यासात ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या लोकांपैकी निम्म्यांना चालणं, ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम दिले, निम्म्यांना आरोग्यावरची व्याख्यानं. व्यायामवाल्यांत चारशे मीटर चालता न येण्याची वेळ १८ टक्क्यांनी कमी आली. आजवर कुठल्याही गोळीने हे करून दाखवलेलं नाही.

'बाबा रोज बागेत दोन फेऱ्या मारतात' हे उत्तम, पण पुरेसं नाही. फेरीने दम वाढतो, मांडीची ताकद फारशी वाढत नाही. दिवसातून दोनदा खुर्चीवरून आठ-दहा वेळा उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात धरून हात वर नेणं, इथून सुरुवात करा. सोपं वाटायला लागलं की थोडं वाढवा. हृदयविकार किंवा सांध्यांचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

आता ताट. वृद्धांसाठी तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सांगतात. साठ किलोच्या माणसाला रोज ६० ते ७२ ग्रॅम. आपल्या घरातल्या आजीचा दिवस मोजून बघा : सकाळी चहा-बिस्किट, दुपारी एक पोळी, भाजी, वरणाचं पाणी, रात्री 'मला काही नको' म्हणत दूधभात. पंचवीस-तीस ग्रॅमच्या पुढे गाडी जात नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, वाटीभर घट्ट वरणात किंवा मुगाच्या उसळीत साधारण तेवढंच. पिठलं, ताक, पनीर, मासे, दाण्याची चटणी, जे चालतं ते तीनही वेळच्या खाण्यात वाटून द्या. कवळी बसत नसेल तर आधी ती दुरुस्त करा; चावताच येत नसेल तर माणूस दूधभातावरच येणार. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

आणि औषधांची पिशवी. झोपेची गोळी, रक्तदाबाच्या दोन, साखरेच्या तीन, कुणीतरी कधीतरी लिहून दिलेली पित्ताची. वर्षातून एकदा ती पिशवी जशीच्या तशी डॉक्टरांसमोर उपडी करा आणि विचारा, यातलं काय थांबवता येईल?

तीन विनंत्या

मुला-मुलींना : पॅकेजवर खर्च करण्याआधी एक रविवार द्या. खुर्चीची आणि चालीची तपासणी करा; लांब असाल तर व्हिडिओ कॉलवर, पण आई-बाबांच्या शेजारी कुणीतरी उभं असू द्या. वयाच्या सत्तरीपासून मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्डही रुग्णालयात भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. आपल्या मनाने केलेल्या तपासण्यांचे पैसे त्यातून मिळत नाहीत, म्हणून ते विचार करूनच खर्चा.

ज्येष्ठांना : 'आता या वयात काय' हे वाक्य सोडा. वजन आपोआप उतरतंय, शौचाला काळं होतंय, दोनदा पडायला झालं, जिना अचानक जड झाला, यातलं काही असेल तर मुलांना त्रास नको म्हणून लपवू नका. तेव्हा वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

ज्येष्ठ नागरिक संघांना : तुमच्या शिबिरांत साखर आणि रक्तदाब तपासला जातोच. त्या टेबलाशेजारी एक बिनहाताची खुर्ची ठेवा, जमिनीवर सहा मीटरची रेघ मारा, वजनकाटा आणि टेप ठेवा आणि प्रत्येकाच्या वहीत सेकंद लिहून द्या. सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. खर्च जवळजवळ शून्य आहे.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या : गेल्या वर्षीचं आणि आताचं वजन, खुर्चीचे सेकंद, वर्षात किती वेळा पडणं झालं, आणि चालू असलेली सगळी औषधं. कोणतं रक्त तपासायचं, हे त्या चार ओळींवरून डॉक्टर ठरवतील. तो कागद आजच लिहायला घ्या.